आशियातील दूरसंचार धोरण-सुधारणांसाठी संशोधन आणि प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धोरण-सुधारणा म्हणजे नेमके काय, आणि हे काम अजून संपलेले कसे नाही?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दक्षिण आशियात टेलिफोन म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारी खातेच होते. सेवा तेच देई, दर तेच ठरवी, तक्रारी तेच ऐकून घेई आणि प्रतीक्षा यादीतल्या कोणाला जोडणी कधी मिळेल हेही त्याच्याच हाती असे. भारताच्या १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच नोंद आहे की, तेव्हा देशात दर शंभर माणसांमागे जेमतेम ०.८ टेलिफोन होते. ही कामे वेगवेगळ्या हातांत देणे हा सुधारणांचा गाभा होता: धोरण मंत्रालयाने ठरवायचे, नियमन स्वतंत्र संस्थेने करायचे आणि सेवा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी द्यायची. श्रीलंकेने १९९१ च्या कायद्याने सुरुवात केली, पाकिस्तानात १९९६ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले, भारतात १९९७ मध्ये ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, ही संस्था स्थापन झाली, बांगलादेशाने २००१ मध्ये कायदा केला आणि म्यानमारचा कायदा तर २०१३ चा आहे.

कायदा झाला की सुधारणा झाली, असे मात्र होत नाही. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला तर कोणी कोणाला किती पैसे द्यायचे, स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओलहरी) लिलावाने द्यायचा की अर्जाने, दुर्गम गावातील मनोऱ्याचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न दर काही वर्षांनी नव्या रूपात उभे राहतात. भारतात एका मंडळात, म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या एका विभागात, अनेक कंपन्या असण्याचा काळ मागे पडून आता तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि सरकारी कंपनी एवढेच उरले आहे. स्पर्धा वाढवण्याच्या काळात लिहिलेले नियम स्पर्धक घटल्यावर जसेच्या तसे चालत नाहीत, आणि ते बदलायचे तर पुन्हा नव्याने अभ्यास करावा लागतो.

त्यासाठी आंतरराष्ट्रीय सल्लागार मिळतात. मग स्थानिक संशोधन-क्षमता वेगळी कशाला उभारायची?

सल्लागार अहवाल देतो आणि निघून जातो. अहवालातील गणित नियामकाच्या कार्यालयात कोणालाच पुन्हा मांडता येत नाही, ही या क्षेत्रातील जुनी अडचण आहे. एक उदाहरण सविस्तर पाहू.

एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर पोहोचला की, पोहोचवणाऱ्या कंपनीला मिनिटामागे काही शुल्क मिळत असे. भारतात हे शुल्क २०१५ मध्ये २० पैशांवरून १४ पैशांवर आले, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. ही घट ठरवताना जुन्या कंपन्यांचे म्हणणे असे होते की, आमचा खरा खर्च याहून पुष्कळ जास्त आहे. नव्या कंपनीचे म्हणणे होते की, तो जवळपास नाहीच. दोघांकडेही कोष्टके होती आणि दोघांचीही बेरीज बरोबर होती. फरक गृहीतकांत होता. मनोऱ्याचा संपूर्ण खर्च कॉलवर टाकायचा, की एक कॉल वाढल्याने जो जादा खर्च येतो तेवढाच धरायचा? इंटरनेटसाठी वापरल्या जाणाऱ्या जाळ्याचा किती वाटा कॉलच्या खात्यावर मांडायचा? जो माणूस हे कोष्टक उघडून, गृहीतक बदलून, उत्तर किती हलते ते पाहू शकतो, तोच या वादात न्यायाधीशाच्या जागी बसू शकतो. ज्याला ते जमत नाही, तो शेवटी मोठ्या आवाजाच्या बाजूने तरी झुकतो किंवा दोन आकड्यांची सरासरी तरी काढतो, आणि सरासरी हा हिशेब नव्हे.

लर्नएशिया ही संस्था या संदर्भात वारंवार का येते?

आशियात हे काम कसे करता येते याचा सर्वांत जवळून पाहता येण्याजोगा नमुना तिने घालून दिला आहे म्हणून. कोलंबोत २००४ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था आहे. तिचे संस्थापक रोहन समरजीवा यांनी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात अध्यापन केले होते आणि १९९८-९९ मध्ये ते श्रीलंकेच्या दूरसंचार नियमनाचे महासंचालक होते. वर्ग आणि नियामकाची खुर्ची, दोन्ही अनुभवलेली माणसे थोडीच असतात. संस्थेच्या कामाची धाटणी त्यातून आली असावी, असे मला वाटते. पुढे हेलानी गलपाया यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून धुरा सांभाळली.

संस्थेचे वैशिष्ट्य असे की, संशोधन, प्रशिक्षण आणि धोरणकर्त्यांशी संवाद ही तीन कामे तिने एकाच छताखाली ठेवली. आपल्याकडे ती सहसा तीन ठिकाणी विखुरलेली असतात: संशोधन विद्यापीठात, प्रशिक्षण सरकारी संस्थेत आणि संवाद उद्योगसंघटनांच्या प्रतिनिधींकडे. त्यामुळे प्रबंध कपाटात राहतो, प्रशिक्षणात दहा वर्षांपूर्वीची उदाहरणे शिकवली जातात आणि मंत्रालयाच्या दारात फक्त कंपन्यांची माणसे दिसतात.

या संशोधनातून धोरणाला उपयोगी असे काय निघाले?

सर्वांत बोलके काम म्हणजे कमी उत्पन्न गटांतील लोकांच्या फोनवापराची पाहणी. २००५ पासून काही वर्षांच्या अंतराने तिच्या फेऱ्या झाल्या. २००६ च्या फेरीत भारत, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स आणि थायलंड होते, नंतर बांगलादेशही आला. त्या काळी सरकारी आकडेवारी फक्त जोडण्या मोजत असे. जोडणी नाही म्हणजे फोन नाही, असा तिचा हिशेब. पाहणीत उलट चित्र दिसले: स्वतःच्या मालकीचा फोन नसलेले लोकही मोठ्या प्रमाणावर फोन वापरत होते. कोणी शेजाऱ्याचा, कोणी नातेवाइकाचा, कोणी कोपऱ्यावरच्या पीसीओचा. मिस्ड कॉल देऊन पैसे वाचवण्याची रीतही कागदावर नोंदली गेली.

ही पाहणी कशी होते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. उत्पन्न थेट विचारले तर खरे उत्तर मिळत नाही, म्हणून बाजार-संशोधनात तेव्हा रूढ असलेली वर्गवारी वापरली जाते: शहरात कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि व्यवसाय, खेड्यात शिक्षण आणि घराचे बांधकाम. घरातील कोणाला प्रश्न विचारायचे हेही नियमानेच ठरवावे लागते, नाहीतर दार उघडणारा पुरुषच सर्वांच्या वतीने उत्तरे देतो आणि बायकांचा फोनवापर नोंदीतून नाहीसा होतो. काही जणांना रोजनिशी दिली जाते. कोणाला फोन केला, किती वेळ, कोणाच्या फोनवरून, कशासाठी, हे त्यांनी काही दिवस लिहून ठेवायचे. आठवणीतून सांगितलेला महिन्याचा खर्च आणि रोजनिशीतला खर्च जुळवून पाहिला की, माणसाची आठवण कितपत भरवशाची आहे तेही कळते.

धोरणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा होता की, गरीब माणूस हा अनुदानाची वाट पाहणारा लाभार्थी नसून पैसे मोजायला तयार असलेला ग्राहक आहे, आणि त्याला अडवणारी गोष्ट म्हणजे हातसंच, जोडणी आणि त्यावरचे कर हा सुरुवातीचा खर्च. बांगलादेशात नव्या सिमकार्डावर अनेक वर्षे वेगळा कर होता; तो नेमका सर्वांत गरीब नव्या ग्राहकाच्या माथी बसतो, हे अशा आकड्यांशिवाय सिद्ध करता येत नाही.

२०१७-१८ मध्ये आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील सहकारी संस्थांबरोबर झालेल्या पाहणीत भर इंटरनेटवर होता. त्यात भारत आणि बांगलादेशातील स्त्री-पुरुषांमधील फोनमालकीची दरी ठळकपणे समोर आली.

नियामकाची परीक्षा कोण घेतो?

खरे म्हणजे कोणीच नाही, आणि म्हणूनच लर्नएशियाने नियामक वातावरणाचे मूल्यमापन करण्याची एक सोपी पद्धत बसवली. बाजारात प्रवेश, स्पेक्ट्रमसारखी दुर्मीळ साधने, आंतरजोडणी (एका कंपनीचे जाळे दुसरीच्या जाळ्याला जोडणे), दरांचे नियमन, स्पर्धाविरोधी वर्तन आणि सार्वत्रिक सेवा (दुर्गम आणि गरीब भागांतही सेवा पोहोचवणे) अशा मुद्द्यांवर जाणकारांनी एक ते पाच गुण द्यायचे. जाणकारांचे तीन गट असतात: थेट परिणाम होणाऱ्या कंपन्या; विश्लेषक, वकील आणि सल्लागार; तिसरे पत्रकार, प्राध्यापक आणि ग्राहकसंघटना. तिन्ही गटांचे वजन समान ठेवले जाते, म्हणजे कंपन्यांची नाराजी एकट्याने निकाल फिरवू शकत नाही.

हे मत आहे, मोजमाप नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु गुंतवणूक करणाराही मतावरच पैसा घालतो. शिवाय पद्धत स्वस्त असल्यामुळे एखाद्या देशातील दोन-तीन अभ्यासकांना ती दर दोन वर्षांनी स्वतःच राबवता येते, आणि क्षमता-उभारणीच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

तांत्रिक मोजमापाचे एखादे उदाहरण आहे का?

आयआयटी मद्रासच्या सहकार्याने ब्रॉडबँडचा दर्जा मोजण्याचे काम झाले. एकच जोडणी तीन टप्प्यांत तपासली गेली: सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रापर्यंत, देशातल्या देशात, आणि समुद्रापलीकडील सर्व्हरपर्यंत. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी हे मोजल्यावर दिसले की, घरापासून कंपनीपर्यंतचा टप्पा बऱ्यापैकी चालतो आणि वेग ढासळतो तो आंतरराष्ट्रीय टप्प्यावर. ग्राहकाची तक्रार ‘नेट स्लो आहे’ एवढीच असते. तिचे उत्तर मात्र आंतरराष्ट्रीय क्षमता विकत घेण्यातल्या कंजुषीत आणि सागरी केबलच्या प्रवेशद्वारावरील मक्तेदारीत सापडते. टप्पे वेगळे केल्याशिवाय नियामकाने कोणत्या कंपनीला काय विचारायचे हेच कळत नाही.

प्रशिक्षण कोणासाठी असते आणि त्यात काय शिकवतात?

नियामक संस्थांचे मधल्या फळीतील अधिकारी, मंत्रालयातील कर्मचारी, कंपन्यांच्या नियमन विभागातील माणसे, ग्राहकसंघटना आणि पत्रकार. कंपनीची आणि नियामकाची माणसे एकाच वर्गात बसवणे काहींना खटकते. माझ्या मते उलट तेच आवश्यक आहे. समोरच्याचा युक्तिवाद आतून कसा रचला जातो हे नियामकाला वर्गात कळलेले बरे, कारण सुनावणीत ते समजून घ्यायला वेळ नसतो.

चांगल्या वर्गात व्याख्याने थोडी आणि गटकाम जास्त असते. एका काल्पनिक देशाचा बाजार, त्यातील कंपन्यांचे हिस्से आणि खर्चाची माहिती दिली जाते. एक गट जुनी कंपनी होतो, दुसरा नवी, तिसरा ग्राहकसंघटना, चौथा नियामक. लेखी म्हणणे, उत्तर, खुली सुनावणी आणि कारणांसह आदेश असा क्रम पार पाडला जातो. सगळ्यांत कच्चे काय निघते? कारणांसह आदेश. निर्णय सर्वांनाच घेता येतो. अपिलात टिकेल असा, प्रत्येक आक्षेपाला उत्तर देणारा चार पानी मजकूर लिहिताना भल्याभल्यांची दमछाक होते. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी सादरीकरणांचा वेळ कमी करून तो या लेखनाला द्यावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

तरुण संशोधक कोठून येतात?

दूरसंचार धोरण हा अर्थशास्त्र, कायदा आणि अभियांत्रिकी यांच्या हद्दीवरचा विषय असल्यामुळे कोणताही विद्यापीठीय विभाग त्याला आपला मानत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सीपीआरसाउथ नावाची वार्षिक परिषद सुरू झाली. पहिली २००७ च्या जानेवारीत मनिला येथे झाली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात चेन्नईत दुसरी झाली, आणि २०१२ पासून तिच्यात आफ्रिकेतील संशोधकही सामील झाले. शोधनिबंध निवडीतून घेतले जातात. परिषदेआधी नवोदितांसाठी अभ्यासवर्ग असतात, आणि निबंधाबरोबर छोटे धोरण-टिपण लिहिण्याची अट असते. पंचवीस पानांचा निबंध लिहिणाऱ्याला त्याचे सार दोन पानांत, संख्याशास्त्राची परिभाषा टाळून, सचिवाला कळेल असे लिहायला लावणे हा सोपस्कार वाटतो, परंतु अनेकांच्या निबंधातील पोकळपणा तिथेच उघडा पडतो.

या कामाला पैसा कोण देतो, आणि देणाऱ्याचा दबाव येत नाही का?

लर्नएशियाच्या वाढीत कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राचा वाटा मोठा आहे. ब्रिटनच्या विकास विभागाचेही साहाय्य होते. परदेशी सार्वजनिक पैशाचा फायदा असा की, त्या देशांतील कंपन्यांच्या परवान्यांशी त्याचा थेट संबंध नसतो. तोटा असा की, देणाऱ्याचा प्राधान्यक्रम बदलला की विषय बदलावा लागतो. आज शेतकऱ्यांचा फोनवापर, उद्या बिग डेटा, परवा चुकीच्या माहितीचा प्रसार.

कंपन्यांचा पैसा घेतला तर दबाव वेगळ्या मार्गाने येतो. निष्कर्ष बदला असे कोणी सांगत नाही. कोणता प्रश्न विचारायचाच नाही एवढे हळूहळू ठरत जाते. यावर उपाय एकच दिसतो: निधीचा स्रोत, प्रश्नावली आणि शक्य तेवढी मूळ आकडेवारी प्रसिद्ध करणे. सरकारी पैसाही निर्दोष नाही, कारण सरकार स्वतः अनेक देशांत एका दूरसंचार कंपनीचे मालक आहे.

म्यानमारचे उदाहरण नेहमी का दिले जाते?

कारण तेथे सुधारणा नुकती सुरू होत असतानाची स्थिती मोजण्याची दुर्मीळ संधी मिळाली. एकेकाळी तेथे एका सिमकार्डाला हजारो डॉलर पडत. २०१३ मध्ये टेलिनॉर आणि उरेडू या परदेशी दूरसंचार कंपन्यांची निवड झाली आणि २०१४ मध्ये सिम १५०० क्याटला, म्हणजे दीड-दोन डॉलरला मिळू लागले. लर्नएशियाने २०१५ आणि २०१६ मध्ये घरोघरी पाहण्या केल्या. लोकांनी आधी साधा फोन आणि मग स्मार्टफोन हा आपल्याकडचा टप्पा गाळून थेट स्मार्टफोन घेतल्याचे त्यांत दिसले.

फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर इंटरनेट वारंवार बंद पाडले गेले आणि टेलिनॉर देश सोडून गेली. स्वतंत्र नियमनासाठी तयार झालेली माणसे राजकीय सत्तेपुढे कितपत टिकतात, याचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

भारतात, विशेषतः महाराष्ट्र आणि गोव्यात, या कामासाठी काय आहे?

सरकारी बाजूने, दूरसंचार विभागाची धोरण-संशोधन व प्रशिक्षण संस्था २०१० मध्ये गाझियाबादला सुरू झाली. पुण्यात सिम्बायोसिसची दूरसंचार व्यवस्थापनाची संस्था १९९६ पासून आहे, मात्र तिचा ओढा स्वाभाविकच उद्योगासाठी माणसे घडवण्याकडे आहे. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातील काही गावांत दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवरून ब्रॉडबँड पोहोचवण्याचा ‘ग्राममार्ग’ प्रयोग केला. तंत्र चालले, पण त्या लहरी विनापरवाना वापरू द्यायच्या की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि तो प्रयोगशाळेत सुटत नाही.

आपल्याकडील मुख्य अडचण आकड्यांची आहे. परवान्यांच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र मंडळ आहे आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. ट्रायच्या मासिक आकडेवारीत त्यामुळे गडचिरोली, पेडणे आणि पुणे एकाच ओळीत येतात. मंडळाची सरासरी चांगली दिसते आणि एटापल्लीच्या गावात मनोरा नसल्याचे तिच्यात कोठेच दिसत नाही. जिल्हावार किंवा तालुकावार पाहणी करण्याची क्षमता एखाद्या मराठी विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने कमावली, तर सार्वत्रिक सेवेच्या निधीतून, म्हणजे आताच्या डिजिटल भारत निधीतून, काय मागायचे ते नेमकेपणाने मागता येईल.

सामान्य नागरिकाला किंवा विद्यार्थ्याला यात भाग घेता येतो का?

येतो. ट्रायच्या कायद्यातच कामकाज पारदर्शक ठेवण्याचे बंधन आहे. प्रथम सल्लामसलत पत्र निघते, त्यावर लेखी सूचना येतात, मग त्या सूचनांवरील प्रतिसूचना, खुली चर्चा आणि शेवटी शिफारस किंवा विनियम. सूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, त्यामुळे बड्या कंपन्यांचे म्हणणे शब्दशः वाचायला मिळते. शिकण्याची याहून स्वस्त शाळा नाही.

२०१५ मध्ये इंटरनेटवरील सर्व सेवांना समान वागणूक देण्याच्या (नेट न्यूट्रॅलिटीच्या) प्रश्नावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटासेवेच्या भेदभावपूर्ण दरांवर बंदी आली. मात्र त्याच वेळी फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या सेवेच्या बाजूने आलेल्या साचेबंद ईमेलांविषयी ट्रायने स्पष्ट नापसंती दाखवली होती, कारण पत्रात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच त्यांत नव्हती. हे लक्षात ठेवून एकच प्रश्न निवडावा, त्याचा क्रमांक लिहावा, आपल्या तालुक्यातील पडताळता येईल अशी माहिती द्यावी आणि काय बदल हवा ते एका परिच्छेदात मांडावे. सल्लामसलत पत्रे मुख्यतः इंग्रजीत असतात, हा मोठा अडसर आहे. महाविद्यालयीन गटांनी त्यांचा मराठी सारांश मुदतीच्या आत गावोगावच्या ग्राहकसंघटनांकडे पोहोचवला तरी पुष्कळ काम होईल.

एवढे करूनही क्षमता टिकत का नाही?

माणसे टिकत नाहीत म्हणून. नियामक संस्थांतील बरेच अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात आणि विषय समजू लागेपर्यंत मूळ खात्यात परततात. जे तयार होतात त्यांना कंपन्या कित्येक पटींनी जास्त पगार देऊन नेतात. यात गैर काही नाही, मात्र प्रशिक्षणाचा खर्च जनतेचा आणि लाभ कंपनीचा असा व्यवहार होतो. यावर दोन व्यवहार्य उपाय आहेत. एक, प्रत्येक निर्णयामागचे कोष्टक, गृहीतके आणि टिपणे नियामकाच्या संग्रहात अशा रीतीने ठेवणे की नवा माणूस महिनाभरात ती पुन्हा चालवू शकेल. दुसरा, विद्यापीठे आणि स्वतंत्र संस्थांशी दीर्घ मुदतीचे करार करणे, म्हणजे अधिकारी गेला तरी विषय जाणणारे कोणी तरी हाकेच्या अंतरावर राहते. दक्षिण आशियाई नियामकांची परिषद १९९७ पासून भरते आणि भारतासह नऊ देश तिचे सदस्य आहेत. कोष्टकांची देवाणघेवाण तेथे नियमितपणे सुरू झाली, तर भूतान किंवा मालदीवसारख्या लहान देशांना प्रत्येक हिशेब पहिल्यापासून मांडावा लागणार नाही.